पाचव्या चाकाची कुळकथा

सुरतेच्या चौकबाजारात शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गंजके पाने, मिक्सरची भांडी आणि चार्जरच्या गुंत्यात एक हिरवी रेसची गाडी पडली होती. "चावी खोवाई गई छे," म्हणत विकणाऱ्या काकांनी आपणहून भाव उतरवला. गाडी उलटी केली, तर चावीसाठी भोकच नव्हतं. पुढच्या चाकांच्या मधोमध एक खुंटी, तिच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांच्या विसकटलेल्या वेण्या आणि पोटावर उठावाची अक्षरं : 'ट्राय-अँग', 'मेड इन इंग्लंड'. ही रस्त्यातल्या खाचेतून विजेवर धावणारी स्लॉट कार, घराणं स्कॅलेक्स्ट्रिक.

हिच्या पूर्वजाला स्प्रिंग होती, पण चावी त्यालाही नव्हती. इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने 1952 साली 'स्कॅलेक्स' या पत्र्याच्या गाड्या काढल्या. त्यांच्या पोटाखाली पाचवं चाक असे. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की ते चाक आतली स्प्रिंग आवळी. हात काढला की गाडी सुसाट. खप दणकून झाला आणि काही वर्षांत ओसरला. एकदा सोडलेल्या गाडीचं पुढे करायचं काय, हा प्रश्न मुलांना पडणारच.

विजेच्या खेळण्यातल्या मोटारी तेव्हा नव्या नव्हत्या. अमेरिकेत लायोनेलने 1912 मध्येच रुळातून वीज घेणाऱ्या मोटारी विकायला काढल्या होत्या. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या साउथपोर्टचे हौशी लोक रस्त्यावर उठून दिसणाऱ्या रुळावरून मोटारी पळवत. फ्रान्सिस यांनी रबरी रस्त्यात खाच पाडली, तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि जुनं पाचवं चाक त्या खाचेत उतरवलं. स्प्रिंग आवळणारं चाक आता गाडीला वाट दाखवू लागलं आणि मोटरला वीजही पुरवू लागलं. 'स्कॅलेक्स'ला 'इलेक्ट्रिक' जोडून नाव झालं स्कॅलेक्स्ट्रिक. 1957 च्या हॅरोगेट खेळणी-मेळ्यात मासेराटी 250 एफ आणि फेरारी 375 या गाड्या लोकांपुढे आल्या.

खाच दिशा देते, वेग देत नाही. वेग खेळणाऱ्याच्या हातात. वळणाआधी वीज तोडली नाही, तर गाडी खाचेतून उडून सोफ्याखाली जाते. बटण कधी सोडायचं, यातच सारं कसब.

मागणी इतकी वाढली की छोट्या कंपनीला ती झेपेना. 1958 मध्ये फ्रान्सिस यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्सना विकली. ट्राय-अँग ही त्यांची मुद्रा. 1960 पासून पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची बॉडी आली. पुढे पाचवं चाकही गेलं. दिशेचं काम खुंटीकडे आणि विजेचं वेण्यांकडे, अशी वाटणी झाली. 1971 मध्ये लाइन्स ब्रदर्स बुडाली. स्कॅलेक्स्ट्रिक टिकलं, पुढे ते हॉर्न्बीकडे गेलं. तेव्हा प्लॅस्टिकची बॉडी, खुंटी आणि ट्राय-अँगची मुद्रा एकत्र दिसली, तर गाडी साधारण साठच्या दशकातली समजावी.

ती सुरतेत दुकानातून आली असण्याचा संभव कमी. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर 2001 पर्यंत कडक निर्बंध होते. पण या जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत आणि विलायतेत राहिलेली. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी ट्रंकेतून ती उतरली असावी.

अशी गाडी हाती लागली तर ती ढकलून पाहू नये. मागची चाकं गिअरने मोटरला जोडलेली असल्याने जड लागतात आणि विकणारा ती बिघडलेली समजतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं दोन वेण्यांना टेकवावीत. चाकं फिरली तर मोटर जिवंत आहे. टोकं अदलाबदल केली की ती उलटी फिरायला हवीत. वेण्या झिजल्या असतील तर त्या नव्या घालाव्या लागतात, आणि जरीसाठी तांब्याची तार केसाइतकी बारीक ओढणाऱ्या या शहरात तेवढ्या तारेसाठी विलायतेकडे पाहायचं कारण नाही.