ऑटिझम आणि आईवरचा आरोप

मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे असे कळले की आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, आमचे काय चुकले?" नातेवाईक तर विचारतही नाहीत, परस्पर निकाल देतात. आई नोकरी करते, मुलाला वेळ देत नाही, हातात मोबाइल देऊन मोकळी होते! हा आरोप जुना आहे, आणि तो शास्त्राच्या नावाने आधी डॉक्टरांनीच केला होता.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर हे बालमनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ मध्ये त्यांनी ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमत, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की बिथरत, काही जण ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत. हा दोष जन्मजात असावा, असे कॅनर यांनी तेव्हाच लिहिले होते. पण त्याच लेखात, या मुलांचे आईवडील फारसे मायाळू वाटत नाहीत, असेही एक निरीक्षण होते. १९४९ मध्ये तर त्यांनी या मुलांच्या घराला थेट फ्रिजची उपमा दिली.

उपमा लोकांच्या लक्षात राहिली, 'जन्मजात' हा शब्द मागे पडला. 'फ्रिजसारखी थंड आई' हे जणू आजाराचे कारणच ठरले. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याच विचाराला बळ दिले. त्यांच्या निवासी शाळेत मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवत. आधीच खचलेल्या आईला उपचार म्हणून काय मिळाले, तर अपराधीपणा.

याला उत्तर दिले एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. त्यांनी मिळेल तेवढे संशोधन वाचून काढले आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिले की हा मेंदूशी संबंधित विकार आहे, संगोपनाचा दोष नव्हे. त्याला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती! १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

पुरावा १९७७ मध्ये आला. ब्रिटनमध्ये सुसान फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत तो दोघांनाही होता, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. दोन्ही गटांत आई तीच, घर तेच. फरक होता तो जनुकांच्या साम्यात. (मोबाइलचा अतिरेक वाईटच, पण त्याने ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही.)

मग आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या हातात काहीच नाही का? पुष्कळ आहे. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या ११ मुलांचे पुढे काय झाले ते लिहिले. जी सरकारी मनोरुग्णालयांत टाकली गेली, ती तिथेच कोमेजली. पहिला रुग्ण डोनाल्ड मात्र नवव्या वर्षाच्या सुमारास एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. त्याला मोजमापाचे वेड होते. त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायचे काम दिले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर त्यांनी सांगितले, नांगर चालवताना मोज. तो गावच्या शाळेतही जाऊ लागला आणि तिथे त्याच्या तऱ्हा चालवून घेतल्या गेल्या. कॅनर भेटायला गेले तेव्हा त्यांच्यादेखत त्याने घोड्याच्या नांगराने सहा लांब ओळी नांगरून दाखवल्या. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरी करू लागला, गाडी चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला.