गोरोबाकाकांनी नामदेवांना 'कच्चं मडकं' का ठरवलं?

साक्षात विठ्ठलाशी बोलणारे संत नामदेव एका परीक्षेत नापास झाले होते, माहितीये?

वारकरी परंपरेतली कथा अशी. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी गोरा कुंभारांना विचारलं, यातली मडकी पक्की किती? काकांनी थापटणं उचललं (कुंभार ओलं मडकं थोपटतो ती लाकडी फळी) आणि एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला!

नामदेव तक्रार घेऊन विठ्ठलाकडे गेले. त्यानेही बाजू घेतली नाही, उलट गुरू करायला सांगितलं. औंढा नागनाथला विसोबा खेचर चक्क शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेले. म्हणाले, पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड! देव पंढरपुरातच आहे आणि आपण त्याचे लाडके, हा समज तिथेच गळाला. 

पुढे नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. पंढरपूरच्या मंदिरात त्यांनी जागा मागितली ती मात्र पायरीची, संतांची पायधूळ लागावी म्हणून.