विष्णुपुरी (नांदेड)

नांदेड-लातूर रस्त्यावरचे, गोदावरीकाठचे गाव; स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे मुख्य ठाणे. शेजारीच १९८१ साली सुरू झालेले श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे नांदेडात शास्त्रीय परिषद म्हटली की पाहुण्यांची गाडी बहुधा विष्णुपुरीकडे वळते.

विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळे झाले. नाव मुक्तिलढ्याच्या नेत्याचे. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे मात्र लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चे ते शिल्पकार. नांदेड-लातूर चुरशीच्या गप्पा रंगवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

भूशास्त्राच्या अभ्यासकाला हे स्थळ सभागृहाबाहेरच अधिक शिकवते. नांदेड दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर आहे. देगलूर-बिलोलीकडे निघाले की लाव्हाचे थर संपतात आणि त्यांच्याखालचा, कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. एका दिवसाच्या सहलीत दोन्ही पाहता येतात. भूकंप हाही इथला घरचाच विषय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली आणि दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित असल्याचा समज मोडला. २००७ नंतर काही वर्षे खुद्द नांदेड शहराखाली बारीक धक्के आणि गडगडाट सुरू होते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकर पुन्हा घराबाहेर आले.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागे ‘शंकरसागर’ जलाशय आहे. त्याचे पाणी पंपांनी उचलून शेतीला देतात. नांदेड शहरही त्याचे पाणी पिते. उलट लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्यावरच्या परिषदेला याहून बोलकी जिल्ह्यांची जोडी सापडणे कठीण. जलाशयाकाठचे काळेश्वर मंदिर पाहायला फार वेळ लागत नाही.

नांदेड शहराची जगभर ओळख मात्र हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे इथे निधन झाले. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरुद्वारा बांधवला. अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस इथूनच सुटते आणि लंगर सर्वांना खुला असतो. गुरुद्वारा रेल्वे स्थानकापासून जवळ आहे, विष्णुपुरी दूर. परिषदेला येणाऱ्यांनी मुक्काम ठरवताना हे पाहावे.