कलाविद्येची पदवी आणि तिचे अर्थमूल्य : पश्चिम भारतातील अनुभवाचा विचार

चित्र, शिल्प, संगीत वा नाट्य या विषयांतील पदवीचे आर्थिक मूल्य किती, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून केली जाते. एका टोकास कलावंतांच्या विपन्नावस्थेच्या कथा असतात, तर दुसऱ्या टोकास लिलावात पुकारले गेलेले कोट्यवधींचे आकडे. इतिहासाच्या अभ्यासकास यांपैकी कोणताही पुरावा पुरेसा वाटणार नाही. कारण पहिला व्यक्तीविषयी बोलतो, दुसरा कलाकृतीविषयी बोलतो. पदवीविषयी दोन्ही मौन पाळतात. पदवी ही संस्थेने दिलेली वस्तू आहे आणि तिचा स्वीकारही मुख्यतः संस्थाच करतात. तेव्हा तिचे मूल्य ठरविताना कोणत्या काळी कोणी तिची मागणी केली, हेच प्रथम पाहिले पाहिजे.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली. तिच्यासाठी जमशेटजींनी एक लक्ष रुपयांची देणगी दिली होती. स्वतंत्र प्रज्ञेचे चित्रकार निर्माण करणे हा या शाळेचा मूळ हेतू नव्हता; एतद्देशीय कारागिरांचे हात आरेखनाच्या शिक्षणाने अधिक कुशल व्हावेत, ही त्यामागील अपेक्षा होती. परंतु परंपरागत कारागिराला प्रमाणपत्राची गरज नव्हती. त्याची पत त्याच्या कामावर आणि घराण्यावर ठरत असे. प्रमाणपत्राची खरी गरज निर्माण झाली ती शाळांतून चित्रकला हा विषय शिकविला जाऊ लागल्यानंतर. १८९३ साली कलाशाळेत चित्रकला-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. ‘ड्रॉइंग मास्तर’ हा महाराष्ट्रातील शाळांचा एक परिचित घटक बनला, तो याच व्यवस्थेमुळे. त्याचे वेतन मोठे नसेल. पण ते दरमहा मिळणारे होते, आणि चित्रे विकली गेली की नाही यावर ते अवलंबून नव्हते.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९० साली विद्यार्थी म्हणून ते कलाशाळेत आले, १८९६ साली तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नावच या दीर्घ सेवेचे मोजमाप सांगते. पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, भित्तिपत्रके आणि मागणीनुसार काढलेली चित्रे अशी त्यांची बाहेरील कामेही विपुल होती. मात्र या कामांच्या चढउतारांखाली नोकरीचा स्थिर पाया होता. कलाशिक्षणाने त्यांना दिलेले आर्थिक मूल्य या दोहोंच्या संयोगात होते.

१९३५ साली कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग उघडला गेला. जाहिरात आणि मुद्रण हे व्यवसाय मुंबईत वाढत होते. प्रशिक्षित हातांची गरज शाळाखात्याबाहेरही उत्पन्न झाली होती. १९५८ साली या विभागाची स्वतंत्र संस्था झाली. येथेही तोच नियम दिसतो : अभ्यासक्रमाचे अर्थमूल्य वाढते ते त्याच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांस नियमाने कामावर घेणारा व्यवसाय अस्तित्वात असेल तेव्हा.

संगीताचा अनुभव अधिक कठोर आहे. गुरुगृही होणारी तालीम विनामूल्य समजली जाई. वस्तुतः शिष्य तिचे मोल वर्षानुवर्षांच्या सेवेने चुकवीत असे. बडोदे संस्थानात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली, तेव्हा तिचा भार राजकोषाने उचलला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते मात्र जलसे, देणग्या आणि शुल्क यांच्या बळावर. पुढे संगीत शिकविण्यास बाहेर पडावेत यासाठी त्यांनी शिष्यांचा उपदेशक वर्ग चालविला. त्या शिष्यांच्या अन्नवस्त्राचा आणि निवासाचा खर्च विद्यालयच करीत असे. १९०८ साली मुंबईत कार्य सुरू झाले. तेथील इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना, आणि १९२४ साली धनकोंनी वास्तूचा लिलाव केला.

ही घटना केवळ एका थोर पुरुषाच्या दुर्दैवाची म्हणून वाचली जाते. तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. विद्यालय बुडाले, तरी तेथे मिळालेले शिक्षण बुडाले नाही. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीतशाळा काढली. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे ‘विशारद’ ही उपाधी मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचली. मैफलीचे मानधन थोड्यांच्याच वाट्यास आले. शिकवणीचे उत्पन्न पुष्कळांना मिळाले. शिक्षणसंस्थेच्या खर्चाचा बोजा एका पिढीने सोसला आणि त्याचे फळ पुढच्या पिढीस लाभले, असा हा हिशेब आहे.

स्वातंत्र्यानंतर पदविकेची जागा पदवी घेऊ लागली. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विश्वविद्यालयात १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली. मुंबईच्या कलाशाळेस विद्यापीठाची पदवी १९८१ पासून जोडली गेली. हातातील कसब या बदलामुळे आपोआप वाढले नाही. वाढली ती अधिकृत योग्यता : उच्च शिक्षणातील नेमणुका आणि वेतनश्रेणी यांचा संबंध पदवीशी असतो.

खुल्या बाजारात मात्र या कागदास कोणी विचारीत नाही. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली कलाशाळेची पदविका घेतली. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ साली त्याच शाळेतून काढून टाकण्यात आले. २०१३ साली मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेले. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये सूझा यांच्या एका चित्रास ४० लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. खरेदीदाराने एकाची पदविका पाहिली नाही आणि दुसऱ्याचे निष्कासनही पाहिले नाही. शिवाय गायतोंडे २००१ साली व सूझा २००२ साली निवर्तले होते. या रकमा त्यांच्या हयातीतील उपजीविकेचा भाग कधीच नव्हत्या. अशा आकड्यांवरून पदवीचे मोल सांगणे म्हणजे धान्याच्या मापाने कापड मोजण्यासारखे आहे.

सारांश, कलाविद्येच्या पदवीचे अर्थमूल्य कलाकृतीच्या किमतीवरून नव्हे, तर पदवीस मान्यता देणाऱ्या जागांवरून मोजले पाहिजे. शाळेत कलाशिक्षकाची जागा भरली जात असेल, तर पदवीस मोल आहे. तीच जागा रिकामी ठेवली गेली, तर विद्यार्थ्याच्या गुणवत्तेत काडीचाही उणेपणा नसता ते मोल घटते. म्हणून कलाशिक्षणावर खर्च करणाऱ्या कुटुंबास मोठ्या कलावंतांची नावे ऐकविणे पुरेसे नाही. शिक्षणाचा भार कोण उचलतो, शिकलेल्यास नियमित काम कोण देतो आणि ते किती काळ टिकते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला मिळाली पाहिजेत. ती देण्याची जबाबदारी कलेची नव्हे. पदवी देणाऱ्या विद्यापीठाची आणि तिला मान्यता देणाऱ्या शासनाची आहे.