कोकुबुन्जी : एक नांव, अनेक गांवें

जपानचा सविस्तर नकाशा पुढें घेऊन बसलें, तर एक नांव पुनःपुन्हां दृष्टीस पडतें. तें नांव म्हणजे कोकुबुन्जी. तोकियोच्या पश्चिमेस या नांवाचें एक शहर आहे. तोचिगी इलाख्यांत या नांवाचें एक गांव, तर समुद्रापलीकडे शिकोकु बेटावर ताकामात्सु शहराच्या हद्दींत दुसरें. त्याच बेटाला प्रदक्षिणा घालणाऱ्या ८८ देवस्थानांच्या यात्रेंत १५ वें, २९ वें, ५९ वें आणि ८० वें अशा चार देवस्थानांचें नांवही कोकुबुन्जीच. नागानो इलाख्यांत उएदाजवळ शिनानो-कोकुबुन्जी नांवाचें रेल्वे-स्टेशन लागतें. कांहीं ठिकाणीं नांवाचा शेवट गळून नुसतें ‘कोकुबु’ उरलें आहे. ओसाकाजवळील कावाची-कोकुबु हें स्टेशन त्यांतलेंच, आणि दक्षिणेस कागोशिमा इलाख्यांत २००५ सालापर्यंत कोकुबु नांवाचें एक स्वतंत्र शहरही होतें.

एखाद्या टेकडीचें किंवा नदीकांठचें साधें नांव अनेक गांवांना पडावें यांत नवल नाहीं. लोक जें पाहतात त्यावरून नांव ठेवतात, आणि टेकड्या व नद्या सर्वत्र सारख्याच. परंतु कोकुबुन्जी हें नांव तसें नव्हे. ‘कोकु’ म्हणजे प्रांत, ‘बुन’ म्हणजे वांटा आणि ‘जी’ म्हणजे बौद्ध विहार. प्रांताच्या वांट्यास आलेला विहार, असा या नांवाचा अर्थ. हें नांव निसर्गानें दिलेलें नाहीं. इ. स. ७४१ मध्यें निघालेल्या एका राजाज्ञेंतून तें जन्मास आलें. ती आज्ञा कां निघाली, ती कोणीं पार पाडली आणि तिचें पुढें काय झालें, याची हकीकत आज आपण पाहूं.

त्या काळीं जपानची राजधानी नारा येथें होती आणि सिंहासनावर शोमु हा सम्राट होता. इ. स. ७३५ मध्यें क्यूशू बेटावरील दाझाइफु या बाजूनें देवीची सांथ आली. मध्यें थोडी ओसरून ती ७३७ मध्यें पुन्हां उसळली आणि राजधानीपर्यंत पोंचली. या तीन वर्षांत देशांतील चतुर्थांश ते तृतीयांश लोक मृत्युमुखीं पडले असावेत, असा आधुनिक इतिहासकारांचा अंदाज आहे. शेतें ओस पडलीं, कर वसूल होईनात. दरबारांत सर्व सत्ता फुजिवारा घराण्यांतील चार भावांच्या हातीं होती. ते चारही भाऊ ७३७ या एकाच वर्षांत देवीनें गेले. सम्राज्ञी कोम्यो ही त्यांची बहीण. पुढें ७४० मध्यें तिचाच भाचा हिरोत्सुगु यानें क्यूशूंत बंड उभारलें. बंड मोडलें, पण सम्राटाचें मन स्थिर राहिलें नाहीं. त्यानें नारा सोडलें आणि पांच वर्षें तो एकामागून एक नव्या राजधान्या वसवीत फिरत राहिला. ७४५ मध्यें तो नाऱ्यास परतला.

रोगाचें कारण त्या काळीं कोणासही ठाऊक नव्हतें. प्रजेवर अरिष्ट आलें तर तें राजाच्या पुण्याच्या उणिवेमुळें आलें, अशी पूर्वेकडील देशांत दृढ समजूत होती, आणि शोमूनें ती मनापासून मानली. अशा वेळीं त्याच्यापुढें एक ग्रंथ होता. तो मूळचा आपल्या देशांतला, संस्कृतांतला : ‘सुवर्णप्रभास’ सूत्र. नालंदा येथें अध्ययन करून गेलेला चिनी यात्रेकरू इ-त्सिंग यानें ७०३ मध्यें त्याचें चिनी भाषांतर पुरें केलें होतें. जो राजा या सूत्राचा आदर करील, त्याच्या राज्याचें चार दिशांचे चार लोकपाल रोगराई, दुष्काळ आणि परचक्र यांपासून रक्षण करतील, असें त्यांत आश्वासन आहे. भयभीत राजाला याहून हवेंसें आश्वासन कोणतें असणार?

राज्यभर विहार उभारण्याची कल्पनाही अगदींच नवी नव्हती. सम्राट अशोकानें ८४,००० स्तूप उभारल्याची कथा बौद्ध जगांत सर्वत्र पोंचली होती. तोच कित्ता पुढें ठेवून सुइ घराण्याच्या वेन सम्राटानें ६०१ मध्यें चीनच्या निरनिराळ्या प्रांतांत बुद्धाचे अवशेष वांटले. सम्राज्ञी वू हिनें ६९० मध्यें आणि पुढें थांग दरबारानें ७३८ मध्यें, प्रत्येक जिल्ह्यांत एकाच नांवाचे विहार स्थापण्याच्या आज्ञा काढल्या. एकच नांव सर्वत्र देणें ही शासनाचीच एक रीत होती. गांवोगांव तेंच नांव ऐकूं आलें, म्हणजे राजा एक, धर्म एक आणि राज्य एक, हें न सांगतां कळतें.

७४१ च्या आज्ञेनें जपानांतील साठांहून अधिक प्रांतांना तोच नियम लागू केला. प्रत्येक प्रांतांत सात मजल्यांचा एक मनोरा बांधावा. सम्राटानें सोनेरी अक्षरांत लिहविलेली सुवर्णप्रभासाची एक प्रत प्रत्येक मनोऱ्यांत ठेवावी. भिक्षूंचा एक विहार असावा, त्यांत २० भिक्षु असावेत. त्याचें नांव चार लोकपालांकडून राष्ट्ररक्षण करविणारा विहार. भिक्षुणींचा दुसरा असावा, त्यांत १० भिक्षुणी असाव्यात. त्याचें नांव सद्धर्मपुंडरीकानें पापक्षालन करणारा विहार. पहिल्यास ५० कुटुंबांचा कर आणि १० चो भातजमीन, दुसऱ्यास १० चो जमीन. त्या काळचा चो म्हणजे सुमारें तीन एकर. जागेविषयींही सूचना होती : वस्तीच्या इतकी जवळ नको कीं दुर्गंधि पोंचेल, आणि इतकी दूरही नको कीं जमावयास लोकांना कष्ट पडतील. दर महिन्याच्या आठव्या दिवशीं सूत्राचें पठण व्हावें, आणि उपवासाच्या सहा दिवशीं मासेमारी व शिकार बंद असावी. हीं लांबलचक नांवें लोकांच्या तोंडीं बसलीं नाहींत. त्यांनीं म्हटलें, ‘प्रांताचा विहार’. तेंच कोकुबुन्जी.

या योजनेमागें सम्राज्ञी कोम्योची प्रेरणा होती, असें तत्कालीन राजकीय बखरींत ७६० सालीं तिच्या मृत्यूची नोंद करतांना लिहिलें आहे. फुजिवारा घराण्यानें ७४१ मध्यें आपल्या वतनांतील ५,००० कुटुंबांचा कर सरकारास परत केला, आणि त्यांपैकीं ३,००० कुटुंबांचा कर या विहारांतील मूर्तींसाठीं लावून देण्यांत आला. चार भाऊ गमावलेल्या घराचें तें दान होतें. त्यांत राजनीति किती आणि शोक किती, याची वांटणी करणें आज कठीण आहे.

परंतु आज्ञा काढणें निराळें आणि सात मजले चढविणें निराळें. ज्या प्रांतांत सांथीनें माणसें उरलीं नव्हतीं, तेथें लांकूड कोणी तोडावें, कौलें कोणी भाजावींत? सहा वर्षें लोटलीं तरी पुष्कळ ठिकाणीं पायासुद्धां भरला नव्हता. ७४७ मध्यें दुसरी आज्ञा निघाली. तींत प्रांताधिकाऱ्यांच्या दिरंगाईबद्दल स्पष्ट नाराजी आहे. दरबारानें आतां परगण्यांच्या पिढीजाद मुखियांकडे तोंड वळविलें. तीन वर्षांत काम पुरें कराल, तर मुखियाचें पद तुमच्या वंशांत कायम राहील, असें अभिवचन त्यांना दिलें. जमिनीही वाढविल्या : भिक्षूंच्या विहारास आणखी ९० चो, भिक्षुणींच्या विहारास आणखी ४०. सारांश, राष्ट्ररक्षणाचें कार्य अखेर गांवच्या मुखियांच्या पदरीं पडलें.

याचा अत्यंत बोलका पुरावा तोकियोजवळच्या कोकुबुन्जींत, म्हणजे प्राचीन मुसाशी प्रांताच्या विहाराच्या अवशेषांत, सांपडला आहे. तेथें उत्खननांत निघालेल्या छपराच्या कौलांवर परगण्यांचीं नांवें उमटविलेलीं आहेत. कांहींवर तर माणसांचींही. मुसाशी प्रांतांत पुढें एकूण २१ परगणे झाले. त्यांपैकीं २० परगण्यांचीं नांवें या कौलांवर आढळतात. एकच आढळत नाहीं : शिरागी. हा परगणा कोरियांतील सिल्ला राज्यांतून आलेल्या लोकांसाठीं ७५८ मध्यें नव्यानें स्थापन झाला होता. तेव्हां मुख्य काम ७५८ पूर्वींच आटोपलें असावें, असें अनुमान निघतें. श्रोतेहो, ज्या बांधकामाची तारीख बखरीनें दिली नाहीं, ती एका न सांपडलेल्या नांवानें दिली! आणि त्याबरोबरच हेंही कळतें कीं, त्या छपराचा भार सम्राटाच्या कोठारानें नव्हे, वीस परगण्यांच्या भट्ट्यांनीं वाहिला.

इकडे नाऱ्यास तोदाइजी हा सर्व प्रांतिक विहारांचा मुख्य विहार ठरला, आणि सम्राज्ञीच्या माहेरचा वाडा होता त्या जागीं होक्केजी हा भिक्षुणींचा मुख्य विहार झाला. तोदाइजींत ब्राँझची सुमारें १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ति ओतण्यांत आली. ज्याला गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणावीशी वाटेल त्यालाही आणूं द्यावी, आणि अधिकाऱ्यांनीं या निमित्तानें प्रजेला गांजूं नये, असें ७४३ च्या आज्ञेंत सम्राटानें बजाविलें होतें. ७५२ मध्यें त्या मूर्तीचें नेत्रोन्मीलन झालें. डोळ्यांत बुबुळें रेखणारा तो हात एका भारतीयाचा होता. ७३६ मध्यें जपानांत पोंचलेला भिक्षु बोधिसेन यानें तो विधि केला.

पुढील इतिहास उतरणीचा आहे. दहाव्या शतकापर्यंत मध्यवर्ती सत्तेची पकड सैल झाली, जमिनी सरदारांच्या आणि मोठ्या देवस्थानांच्या घशांत गेल्या, आणि प्रांतिक विहारांचें उत्पन्न आटलें. मुसाशीचा सात मजली मनोरा ८३५ मध्यें आगींत भस्म झाला. दहा वर्षें तो तसाच पडून होता. ८४५ मध्यें तो पुन्हां बांधण्याची परवानगी कोणीं मागितली? प्रांताधिकाऱ्यानें नव्हे, मिबु फुकुमासा नांवाच्या, परगण्याच्या एका माजी मुखियानें. १३३३ मध्यें जवळच बुबाइगावारा येथें झालेल्या लढाईच्या धामधुमींत विहार पुन्हां जळाला. सेनापति नित्ता योशिसादा यानें नंतर औषधि-बुद्धाचें मंदिर बांधण्यास द्रव्य दिलें, अशी परंपरा आहे. इतर प्रांतांतही हेंच झालें. जेथें आसपासच्या लोकांनीं तो विहार आपला मानला, तेथें तो लहान रूपानें टिकला. शिकोकूंतील चार विहार तर यात्रेकरूंच्या पायांनीं जिवंत ठेवले. जेथें तो केवळ सरकारचा राहिला, तेथें जोत्याचे दगड आणि गांवाचें नांव, एवढेंच उरलें.

नांवाचें आयुष्य मात्र दगडांहून चिवट निघालें. १८८९ मध्यें तोकियोपासून पश्चिमेकडे रेल्वे गेली आणि कोकुबुन्जी स्टेशन झालें. त्याच वर्षीं त्या नांवाचें गांव कायद्यानें स्थापन झालें; १९४० मध्यें तें मोठें गांव आणि १९६४ मध्यें शहर ठरलें. या नांवानें पुढें आणखी एका नांवास जन्म दिला. कोकुबुन्जी आणि ताचिकावा या दोन स्टेशनांच्या मध्यें १९२६ मध्यें नवें स्टेशन झालें. दोन्ही नांवांतलें पहिलें एकेक अक्षर घेऊन त्याला ‘कुनिताची’ हें नांव देण्यांत आलें. १९२३ च्या भूकंपानंतर तोकियोचें वाणिज्य विद्यापीठ, आजचें हितोत्सुबाशी विद्यापीठ, तेथें गेलें. मौज अशी कीं, तींच दोन अक्षरें निराळ्या उच्चारानें वाचलीं तर ‘राष्ट्रीय’ असा अर्थ होतो. त्यामुळें कुनिताची संगीत महाविद्यालय ही खासगी संस्था अक्षरांवरून सरकारी भासते. बाराशें वर्षांपूर्वींच्या आज्ञेंतला ‘प्रांत’ हा शब्द असा एका संगीतशाळेच्या दारावर जाऊन बसला आहे.

आणि नांवें जातातही. २००६ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस, एकाच दिवशीं, तोचिगीमधील कोकुबुन्जी हें शिमोत्सुके या नव्या शहरांत मिळालें आणि शिकोकूंतील कोकुबुन्जी ताकामात्सूंत मिळालें. दोन्हीं गांवांची स्वतंत्र नगरसभा संपली. कारण पुन्हां तेंच, पुरेसा पैसा आणि पुरेशीं माणसें यांची चणचण. तोडगाही पुन्हां राजधानींतून आलेला. पण पत्त्यांत दोन्ही ठिकाणीं जुनें नांव लोकांनीं राखलें आहे.

शोमूच्या आज्ञेनें सांथ थांबली नाहीं. ती आज्ञेपूर्वींच ओसरली होती. सर्व प्रांत एका सांच्यांत बसविण्याची त्याची आकांक्षाही तीनशें वर्षें टिकली नाहीं. तरी त्या आज्ञेला आपण केवळ भोळेपणा म्हणून बाजूस सारूं नये. मोठ्या मरणानंतर राज्यकर्त्याला वाटलें कीं, राजधानीपुरतें नव्हे, प्रत्येक प्रांतांत कांहीं तरी उभें राहिलें पाहिजे. तें उभें मात्र केलें ज्यांचीं घरें सांथीनें रिकामीं केलीं होतीं, त्यांनीं. बखरींत सम्राटाचें आणि सम्राज्ञीचें नांव आहे. ज्यांनीं माती मळली आणि भट्टी पेटविली, त्यांच्यापैकीं कांहींचें नांव कौलांवर आहे. इतरांचें कोठेंच नाहीं. कोकुबुन्जी हें नांव ऐकलें, म्हणजे या तिघांचीही आठवण आपण ठेवावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.