पुण्याच्या पेठांतील खरेदी : जुने कोणते, जुन्यासारखे कोणते?

शनिवारवाडा पाहून झाला, की पुण्यात आलेल्या पाहुण्याची पावले आपसूक लक्ष्मी रस्त्याकडे वळतात. साडी, नथ, तांब्याचे भांडे, जुना अडकित्ता अशी सारी खरेदी जुन्या पेठांत पायी फिरून करता येते. मात्र हातकाम आणि त्याची यंत्रावरील नक्कल येथे शेजारी शेजारी मांडलेली असते. ती ओळखता आली नाही, तर फसगत केवळ ग्राहकाची होत नाही. कारागिराची मजुरीही बुडते.

लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग
लक्ष्मी रस्ता साड्या आणि सोन्याचांदीसाठी ओळखला जातो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पैठणी घेताना पदर उलटून पाहावा. हातमागावरील पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले आढळतात. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ पाहावा. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी क्रमांक असणे २०२३ पासून बंधनकारक आहे.
पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती तुळशीबागेची बाजारपेठ वाढली. नथ, ठुशी, बुगडी यांचे खोटे दागिने आणि पितळी भातुकली येथे मिळते. येथे घासाघीस करण्यात संकोच नसावा.

तांबट आळी
कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्यांचा आवाज हीच दुकानाची पाटी! पेशवेकाळात कोकणातून आलेल्या तांबटांनी ही आळी वसवली. बंब, घंगाळ, हंडा ही त्यांची परंपरागत कामे. गीझर आणि स्टीलच्या भांड्यांनी ते गिऱ्हाईक नेले. आता शोभेच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर भर आहे.
भांड्यावर हातोडीने ठोके देण्याच्या कामाला ‘मठारकाम’ म्हणतात. त्यामुळे पत्रा कणखर होतो आणि चकाकी येते. हाताचे ठोके ओळीत असले तरी किंचित कमीजास्त असतात. साच्यातील खळगे तंतोतंत एकसारखे. भाव वजनावर ठरतो आणि मजुरी वेगळी, तेव्हा दोन्ही विचारून घ्यावे. आंबट पदार्थांसाठी भांडे हवे असल्यास आतून कल्हई करून घ्यावी.

जुना बाजार
मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरण्याची प्रथा आहे. कुलपे, समया, नाणी, ग्रामोफोन, घड्याळे यांच्या ढिगात एखादी अस्सल वस्तू हाती लागते. तथापि नव्या पितळेवर रसायनाने आणलेला काळेपणाही तेथेच मिळतो. खरी झीज हात लागतो त्या जागी असते, सर्वत्र सारखी नसते. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीच्या वस्तूत मूळचा असू शकत नाही.

कायदा काय सांगतो?
पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ‘पुरावशेष’ ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पुरावशेषांच्या व्यापाऱ्याकडे परवाना असणे आवश्यक आहे. परदेशातील नातेवाइकांसाठी खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. पावती अवश्य घ्यावी.

खरेदीपूर्वी बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तासभर घालवावा. तेथील दिवे, अडकित्ते आणि भांडी पाहिली, की नजर तयार होते. आणि बाजारात तीच खरी कामाला येते.