चेहऱ्याची साक्ष

दौंड हे जंक्शनाचे गाव. तेथे लाल दिवा म्हणजे थांबा. ड्रायव्हर बदलला म्हणून दिव्याचा अर्थ बदलत नाही. माणसाचा चेहराही आपण असाच सिग्नल समजतो. नजर चुकवली की चोर, हसला नाही की मगरूर! दौंडची रेल्वे, कुरकुंभचे आणि शिरूर तालुक्यातील रांजणगावचे कारखाने यांतील कामगारांत वावरताना आम्ही पाहिले, की चौकशीच्या टेबलावर कागदाइतकीच चेहऱ्याचीही साक्ष निघते. म्हणून या साक्षीचा इतिहास तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भरताच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायिभाव सांगितले. डोळे, भुवया, ओठ यांच्या हालचाली नेमून दिल्या. पण तो नटाला दिलेला धडा होता. प्रत्येकाने जन्मतः तसेच वागावे, असे भरताने म्हटलेले नाही. १८७२ साली डार्विनने माणूस आणि पशू यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला, आणि चेहरा विज्ञानाच्या कक्षेत आला.

ज्यांना आज आपण स्वमग्न म्हणतो, अशा मुलांचे बारकाईचे वर्णन सोव्हिएत रशियात डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली केले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. मग दोषी कोण, याचा शोध सुरू झाला. आईची माया थंड म्हणून मूल असे, हा आरोप कित्येक वर्षे चालला. बर्नार्ड रिमलंड या अशाच एका मुलाच्या पित्याने १९६४ साली ग्रंथ लिहून तो खोडून काढला.

पुढे छायाचित्रांतील डोळे पाहून भाव ओळखण्याच्या चाचण्या निघाल्या. स्वमग्न व्यक्तींना त्यांत सरासरीने कमी गुण पडत, म्हणून उणीव त्यांच्या पदरी बांधली गेली. परंतु २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने सांगितले, की ही गैरसमजूत दुहेरी आहे. २०१३ साली रिचर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की चेहरा वाचण्याची अडचण स्वतःच्याच भावना उमगत नसलेल्यांची असते. ती पुष्कळ स्वमग्नांत आढळते, सर्वांत नव्हे, आणि इतरांतही असते. २०१६ च्या प्रयोगांत तर इतरांनाच स्वमग्नांचे चेहरे नीट वाचता आले नाहीत!

आम्हां चळवळीतल्या माणसांना याचे नवल वाटत नाही. वाद म्हटला की दोन पक्ष आलेच. येथे आरोपपत्र मात्र एकालाच मिळाले होते. ‘स्वमग्न’ हा शब्दही निकाल आधीच देऊन टाकतो.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले आणि सरकारी नोकरीतील राखीव जागांतही वाटा दिला. पण त्याआधी वाढलेल्या किती कामगारांना कोणी तपासले असेल? त्यांच्या हाती दाखला नाही. त्यांच्याजवळ आहे तो फक्त चेहरा, आणि तोच त्यांच्याविरुद्ध उभा राहतो.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, उत्तरासाठी वेळ द्यावा, बोलणे जमत नसेल तर लेखी घ्यावे. आणि निकालपत्रात चेहऱ्याबद्दल एक ओळही नसावी.